पत्रावरची तारीख २०१६ ची कशी?

प्रश्न : माझं वय ५४. घरून तीन-चार लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. डेस्कटॉप आठेक वर्षांपूर्वी घेतलेला आहे, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. हल्ली चालू व्हायला पाच-सहा मिनिटं घेतो. रोज रात्री मी भिंतीवरचं बटणही बंद करते, आणि सकाळी तारीख चुकलेली असते, मग बँकेची साइट उघडत नाही. गेल्या महिन्यापासून तर काम करता करता एकदम बंद पडतो. त्याआधी पंखा गिरणीसारखा घरघरतो. दाखवायला नेला तेव्हा सांगितलं, ‘मदरबोर्ड गेलाय, यात पैसे घालू नका, नवीनच घ्या.’ कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, आई, आपणच उघडू. पण आत चार जणांचे हिशेब आहेत, मला धास्ती वाटते.
— उघडू की नको

ताई,

तुम्ही हे पत्र त्याच कॉम्प्युटरवर टाइप केलंत, हे तुम्ही कुठे लिहिलं नसलं तरी मला कळलं. पत्राच्या माथ्यावर आपोआप पडलेली तारीख आहे १ जानेवारी २०१६! मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, खरोखर गेला असता तर हे पत्र टाइप होऊन माझ्यापर्यंत पोचलं नसतं. बोर्ड गेला की बहुतेक वेळा मशीन मुळात चालूच होत नाही, किंवा पंखे फिरतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. अपवाद असतात, पण त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी वळायचं. दुरुस्ती करणाऱ्याला मी फारसा दोष देणार नाही. एकेक भाग तपासत तासभर बसायचे पैसे त्याला कोणी देत नाही, म्हणून तो एका वाक्यात मोकळा होतो. तुम्हाला आणि चिरंजिवांना रविवारचे तीन तास काढता येतील.

तेव्हा उघडा. फक्त एक ठरवून उघडा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग दोन दिवस बघायचं. माझा एक जुना कॉम्प्युटर असाच हँग व्हायचा. मी आधी रॅम बदलली, मग एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) बदलला, मग विंडोज दोनदा नव्याने टाकलं. दोष निघाला हार्ड डिस्कच्या डेटा केबलमध्ये, तिचं एक टोक ढिलं बसलं होतं. त्या खरेदीबद्दल घरात मला अजून ऐकून घ्यावं लागतं.

तुमच्या तीन तक्रारी तुम्ही एकाच दुखण्याच्या खात्यात टाकल्यात. मला ती तीन निरनिराळी दुखणी वाटतात.

पण पेचकस हातात घ्यायच्या आधी हिशेबांची कॉपी. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या कोणत्याही मशीनवर. आणि कॉपी झाली एवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्या कॉपीतला एका तरी व्यावसायिकाचा डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटची नोंद डोळ्यांनी बघा. बॅकअप आहे म्हणणारे आणि प्रत्यक्षात रिकामं फोल्डर जपून ठेवणारे लोक मी पाहिलेत.

ते झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती यात दिसते. लांबलचक यादीत तीन ओळी शोधा. ‘०५’ म्हणजे खराब झाले म्हणून डिस्कने बाजूला काढलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे. ‘सी५’ म्हणजे वाचता येत नाहीत, पण अजून निकाल लागलेला नाही असे. या दोन्हींपुढे शून्य हवं. तिथे आकडा असेल आणि आठ दिवसांनी तो वाढलेला दिसला, तर ती डिस्क आता जाणार आहे. तिला कामातून मोकळं करा. तिसरी ओळ ‘सी७’. ही वाढत असेल तर संशय डिस्कवर नाही, केबलवर घ्या. हा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. माझ्या त्या जुन्या मशीनवर ही एक ओळ वाचायचं मला सुचलं असतं तर!

आता तारीख. मदरबोर्डवर चपट्या बटणासारखा एक सेल असतो, सीआर२०३२. नावातच त्याची मापं आहेत, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. तीन व्होल्टचा हा सेल कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर हे काम एसएमपीएसमधून येणारा बारीकसा प्रवाह करतो आणि सेलवर भार पडत नाही. तुम्ही रोज रात्री बटण बंद करता, म्हणून सगळा भार सेलवर. त्याने आठ वर्षं काढली असतील तर त्याचे उपकारच माना, पण म्हणून बटण बंद करायची सवय सोडू नका. आता तो संपलाय, म्हणून सकाळी बोर्ड आपल्या कारखान्यातल्या तारखेवर परत जातो. बँकेची साइट का उघडत नाही तेही यातच आलं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, आणि तुमच्या मशीनच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नाही.

सेल बदलायला दोन मिनिटं पुरतात. पॉवर केबल काढा, चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. सेलच्या कडेची छोटी क्लिप बाजूला सरकवली की तो स्वतःच वर उडी मारतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. त्यानंतर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख-वेळ लावा, आणि साटा मोड (बोर्ड आणि डिस्क यांच्यातल्या बोलण्याची पद्धत) सेल काढण्याआधी जो होता तोच आहे ना हे बघा. तो बदलला गेला तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं आणि आपल्याला वाटतं आपण काहीतरी तोडलं. म्हणून काम सुरू करण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. केबली कुठून कुठे गेल्यात त्याचेही काढा. समोरच्या बटणांच्या बारीक वायरी निघाल्या आणि कोणती कुठे होती ते आठवेना, अशी वेळ येतेच.

आता बंद पडण्याचं दुखणं. इथे जास्त वेळ द्या.

आधी मोजा, मग उघडा. एचडब्ल्यूमॉनिटरसारखं एखादं सॉफ्टवेअर लावून प्रोसेसरचं तापमान बघा. काही काम चालू नसताना ते ३५ ते ५० अंश, जोरात काम चालू असताना ७०-८० पर्यंत असेल तर काळजी नको. तुमच्या पिढीच्या आय-फाइव्हला साधारण १०० अंशांची मर्यादा आखलेली आहे. तिथे पोचला की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तरीही उष्णता वाढत गेली तर जीव वाचवायला मशीन तडकाफडकी बंद करतो. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात साधारण ६५ वॅट खर्ची पडतात, ती उष्णता बाहेर नेणारी एकच वाट आहे, हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला पाकळ्यांचा धातूचा ठोकळा. तुमचा पंखा घरघरतोय म्हणजे ती वाट तुंबलीय असा माझा अंदाज.

कॅबिनेटच्या मागचे दोन स्क्रू काढून बाजूचं पान सरकवा. मशीन आडवं झोपवा. आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात टेकवा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. अधूनमधून पुन्हा टेकवत राहा. गालिच्यावर बसून हे काम करू नका. पंख्याच्या पात्यांवरची धूळ लगेच दिसेल, पण ती खरी गुन्हेगार नव्हे. खरी धूळ पंख्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांच्या तोंडाशी असते. टॉर्च तिरका धरून पात्यांच्या फटीतून बघा. आठ वर्षांत तिथे जुन्या उशीतून निघालेल्या कापसासारखा करडा थर बसलेला असतो, चिमटीत धरला तर अख्खा निघतो. पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा त्या थरावर आपटून परत येते. तो थर मऊ ब्रशने सोडवा आणि दाबलेल्या हवेच्या डब्याने बाहेर उडवा. हवा मारताना पंख्याच्या पात्यात बोट धरा. त्याला भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग जातात. घर झाडायचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

धूळ निघाली की हीटसिंकचे चार पाय तपासा. इंटेलच्या डब्यातला मूळ पंखा असेल तर चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या खुंट्या आहेत. त्या बोर्डाच्या भोकांत अडकवलेल्या असतात. एकेकीवर बोट ठेवून हलवून बघा. यातली एक जरी सुटलेली असेल तर हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसरशी त्याचा संबंध अर्धाच उरतो. मशीन गाडीतून नेताना, हलवताना हे होऊ शकतं. नुसत्या धुळीने मशीन बहुधा मंद होतं, धाडकन बंद पडतं तेव्हा माझा पहिला संशय या खुंटीवर असतो.

खुंटी सुटलेली सापडली किंवा धूळ काढूनही तापमान उतरलं नाही, तर हीटसिंक काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप) नवी लावावी लागेल. पंख्याची चार तारांची वायर आधी सोडवा. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे पुसा. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी, बस. बोटाने पसरवू नका, दाबाने तीच पसरते. खुंट्या बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा, हीटसिंक ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन खुंट्या एकावेळी दाबा. ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबायचं. बोर्ड किंचित वाकतो, तेव्हा पोटात गोळा येतो, पण त्याशिवाय खुंटी बसत नाही. चारही बसल्या की नाही याची खात्री बोर्डाच्या मागून होते, भोकांतून प्लॅस्टिकची टोकं बाहेर डोकावायला हवीत.

या सगळ्यात एक गोष्ट चिरंजिवांना बजावून सांगा. प्रोसेसरच्या शेजारची लोखंडी दांडी उघडायची नाही. प्रोसेसरखाली केसाएवढ्या बारीक ११५१ पिना बोर्डावर उभ्या असतात, एक जरी वाकली तर ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य खरं ठरेल. (एएमडीच्या एएम-फोर किंवा त्याआधीच्या मशीनवाल्यांसाठी जाता जाता : तुमच्या पिना प्रोसेसरला आहेत, आणि वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून निघतो. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, बंद करून वीज काढा, मग हीटसिंक हळूच डावी-उजवीकडे पिळत काढा.)

आता समजा तापमान ६५ अंशांच्या वर जातच नाही आणि तरी मशीन बंद पडतंय. मग एसएमपीएस. हा एकच डबा असा आहे जो तुम्ही, तुमचा मुलगा किंवा मी कोणीही उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ राहतो. त्याची एकच घरगुती तपासणी, ओळखीच्या कोणाचा चालता एसएमपीएस दोन दिवस उसना घेऊन लावून बघायचा. केबली सुट्या होणारा असेल तर त्याच्या स्वतःच्या केबलीच वापरा. एका कंपनीची केबल दुसऱ्याच्या डब्याला नुसती बसते म्हणून लावली तर आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि क्षणात डिस्क जळते.

उरला वेग. तुमचा कॉम्प्युटर पाच मिनिटं घेतो त्याचा दोष प्रोसेसरचा नाही. फिरणारी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते असं धरू, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. डोकं सरकवायचं, मग हवा तो भाग फिरून खाली येण्याची वाट बघायची, असं करत ती सेकंदाला जेमतेम शंभरेक इकडचे-तिकडचे तुकडे वाचू शकते. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे मागतं. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही, ती तेवढ्याच वेळात हजारोंनी तुकडे देते. तुमच्या मशीनमध्ये एकच गोष्ट बदलायची मुभा असेल, तर ही बदला. अडीच इंची साटा एसएसडी घ्या, ५०० जीबी भरपूर झाली. एनव्हीएमई ही एसएसडीची दुसरी जात जास्त वेगवान असते खरी, पण तुमच्या काळातल्या बऱ्याच साध्या बोर्डांवर तिची जागाच नसते, किंवा दिसायला एम-डॉट-टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसायची खाच) असतो आणि चालते फक्त साटावाली. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय घेऊ नका. हिशेबाच्या कामात दोन्हींतला फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

एसएसडीवर विंडोज नव्याने टाका आणि ते टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. हे फार जण विसरतात. दोन्ही जोडलेल्या असल्या तर इन्स्टॉलर सुरुवातीची छोटी फाइल जुन्या डिस्कवर ठेवून देतो, आणि पुढे ती डिस्क काढली की नवी एसएसडी असूनही मशीन उठत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला बांधलेलं असेल तर आधी ते सरेंडर करा, म्हणजे जुन्या मशीनवरून सोडवून घ्या. विंडोजचं लायसन्स साधारणपणे मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही.

रॅम लगेच घेऊ नका. एसएसडी लावून दोन आठवडे काम करा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर दिसली तरच आणखी ८ जीबीची एक पट्टी घाला. घेण्याआधी तुमची रॅम डीडीआर-फोर आहे की थ्री हे पट्टीवर वाचा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची बसत नाही, आणि बसत नसेल तर जोर लावायचा नाही. ३२०० वेगाची मिळाली तरी चालेल, तुमच्या प्रोसेसरवर ती २४०० च्या वर पळणार नाही एवढंच. पट्टीचं एक टोक बसून दुसरं अर्धवट राहणं हा नवशिक्यांचा ठरलेला घोटाळा. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. तसं झालं तर घाबरू नका. पट्टी काढा, सोनेरी दातांवर पांढरा मऊ खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. क्लिप आपणहून मिटली पाहिजे.

आता थोडी कडू गोष्ट. ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्याचं निदान चुकलं, पण सल्ला पूर्णपणे चुकीचा नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ ची मुदत दिली गेली. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरना अधिकृतपणे मान्य करतं, तुमचा सातव्यातला. आठव्या पिढीचा प्रोसेसर आणून बसवू म्हणाल तर सॉकेटचं नाव तेच असूनही तो तुमच्या बोर्डावर चालत नाही. इंटेलने ती वाट बंद करून ठेवलीय. आडवाटेने विंडोज ११ टाकता येतं, पण ज्या मशीनवर दुसऱ्यांचे हिशेब आहेत तिथे मी ते करणार नाही. म्हणजे नवं मशीन तुम्हाला घ्यावं लागणारच आहे, फक्त घाबरून आज नाही, चार ठिकाणी बघून, आपल्या सवडीने. तोपर्यंतचा खर्च अशा वस्तूवर करा जी पुढच्या मशीनमध्येही जाईल. एसएसडी जाईल. डीडीआर-फोर रॅम बहुधा जाणार नाही, नवे बोर्ड डीडीआर-फाइव्हचे आहेत, म्हणून ती लागलीच तर वापरलेली घ्या, तपासून घेतलेली जुनी रॅम सहसा दगा देत नाही. वापरलेली डिस्क आणि वापरलेला एसएमपीएस मात्र फुकट मिळाला तरी नको.

चिरंजीव एवढ्या उत्साहाने ‘आपणच उघडू’ म्हणताहेत त्यामागे ग्राफिक्स कार्डाची आशा दडलेली असू शकते. त्याला सांगा, कार्ड बसतं त्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते. तुमच्या डब्यात ती आहे का हे त्याने स्वतः शोधून दाखवावं, मग पुढचं बोलू.

झाकण लगेच लावू नका. दोन दिवस मशीन उघडंच चालवा, फक्त आत कोणी हात घालणार नाही अशा जागी. तरीही बंद पडलं तर दोन आकडे लिहून पाठवा, बंद पडण्याआधी दिसलेलं तापमान आणि चालू केल्यापासून किती मिनिटांनी पडलं ते. तारीख लिहिली नाहीत तरी चालेल, ती मी पत्राच्या माथ्यावर बघेन.